बोट सुटली तर?

जन्माला येताना माणसाला एकही कागद लागत नाही. जाताना तर कपडेसुद्धा लागत नाहीत. मधली जी साठ-सत्तर वर्षे उरतात, त्यांत मात्र कागदाशिवाय त्याचे पान हलत नाही. आणि त्या कागदांत सर्वांत महत्त्वाचे दोन कोणते, तर जन्मल्याचा दाखला आणि मेल्याचा दाखला. यांपैकी दुसरा आणायला स्वतः रांगेत उभे राहावे लागत नाही, ही त्यातल्या त्यात सोय.

'मी कोण?' हा प्रश्न आपल्या ऋषिमुनींना फार पूर्वी पडला होता. 'कोऽहम्' म्हणत त्यांनी अरण्ये पालथी घातली आणि बऱ्याच तपश्चर्येनंतर 'सोऽहम्', म्हणजे 'तोच मी', असे उत्तर मिळवले. तत्त्वज्ञान म्हणून उत्तर उत्तमच आहे; पण पासपोर्टच्या खिडकीवर ते देऊन पाहा. 'तोच मी' म्हटल्यावर आतला माणूस शांतपणे विचारील, "तोच तुम्ही कशावरून? मूळ प्रत आणि झेरॉक्स, दोन्ही दाखवा."

त्या आतल्या माणसाला नावे ठेवायचा मला अधिकार नाही. कारण गेली बावीस वर्षे तसल्याच एका खिडकीच्या आत मी स्वतः बसलेला आहे. मी बँकेत कारकून. शिक्षण बी.कॉम. तत्त्वज्ञानाशी माझा संबंध एवढाच, की कॉलेजात त्यांचा वर्ग आमच्या अकाउंटन्सीच्या वर्गाशेजारी भरत असे आणि तिथून कायम जांभयांचा आवाज येई. पण बावीस वर्षे लोकांकडे कागद मागितल्यावर एक प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला आहे, आणि तो हिशेबाचा नसून नीतीचा आहे, असे मला वाटते. माणसाने आपल्याजवळ किती कागद बाळगावेत, आणि दुसऱ्याकडे किती मागावेत?

हा प्रश्न धसास लागला तो माझ्या मेहुण्यामुळे. मेहुणा न्यू जर्सीत असतो. त्याने यंदा सगळ्या कुटुंबाला बोटीतून फिरवून आणायचे ठरवले. सगळे कुटुंब म्हणजे तो, त्याची बायको, तेरा वर्षांचा मुलगा आणि इकडून जाणारे आम्ही तिघे: मी, सौ. आणि सासूबाई. मायामीहून निघायचे, मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर उतरायचे, उन्हात भाजून घ्यायचे आणि परत मायामी. या प्रकाराला क्रूझ म्हणतात. कोकणच्या बोटीत पूर्वी माणसे कुठेतरी पोचण्यासाठी बसत. क्रूझमध्ये बसतात ती कुठेही न पोचण्यासाठी. जिथून निघालो तिथेच परत यायचे, आणि मधल्या वेळात खायचे. अमेरिकन सरकारच्या भाषेत याला 'क्लोज्ड लूप' असे भारदस्त नाव आहे. आपल्याकडे याला प्रदक्षिणा म्हणतात.

आता या प्रदक्षिणेला कागद कोणते लागतात? दर रविवारी सकाळी, म्हणजे त्यांच्या शनिवारी रात्री, फोनच्या पडद्यावर कुटुंबाची सभा भरू लागली आणि मला एक नवेच शास्त्र कळले.

पूर्वी अमेरिकन माणूस शेजारच्या देशातून जमिनीने किंवा बोटीने परतला, की 'मी इथलाच' एवढे तोंडी सांगून सुद्धा त्याला आत घेत असत. आमच्या गावाकडे रात्री उशिरा आलेल्याने दाराबाहेरून 'मी आहे गं' म्हणावे, तितके साधे. ही तोंडी पद्धत ३१ जानेवारी २००८ पासून बंद झाली, आणि १ जून २००९ पासून नवा नियम आला, की अमेरिकन नागरिकानेही पासपोर्ट किंवा त्याच्या तोडीचा कागद दाखवावा. त्यातही प्रदक्षिणावाल्यांना सवलत ठेवली. जी बोट अमेरिकेच्या ज्या बंदरातून सुटते त्याच बंदरात आजूबाजूची बेटे करून परत येते, तिच्यावरच्या अमेरिकन नागरिकाला परतताना जन्मदाखला आणि फोटोचे सरकारी ओळखपत्र पुरते. सोळा वर्षांखालच्या मुलाला नुसता जन्मदाखला चालतो. जो जन्माने नव्हे तर अर्जाने नागरिक झाला असेल, त्याला नागरिकत्वाचे प्रमाणपत्र चालते. शिवाय 'पासपोर्ट कार्ड' नावाची एक चीज आहे. ते एटीएम कार्डाएवढे असते आणि कॅनडा, मेक्सिको, बर्म्युडा, कॅरिबियन बेटे इथून जमिनीने किंवा समुद्राने परतायला चालते. आणि शेवटी खराखुरा पासपोर्ट, ज्याला तिकडे पासपोर्टाचे पुस्तक म्हणतात. एखादे बेट आपल्या दारात स्वतःचा वेगळा नियम लावते, आणि बोटीची कंपनीही कधीकधी सरकारपेक्षा कडक असते, ते निराळेच.

म्हणजे आमच्या एका कुटुंबात, एका बोटीवर, एकाच टेबलाशी बसून जेवणाऱ्या सहा जणांची स्थिती अशी: मेहुणा सहा महिन्यांपूर्वीच अमेरिकन नागरिक झालेला, त्याच्याजवळ नागरिकत्वाचे प्रमाणपत्र. त्याचा मुलगा तिथेच जन्मलेला, त्याला नुसता जन्मदाखला पुरे. मेहुण्याच्या बायकोजवळ ग्रीन कार्ड आणि भारताचा पासपोर्ट. आणि आम्ही तिघे पुरते परदेशी, म्हणून भारताचा पासपोर्ट आणि त्यात अमेरिकेचा पुन्हा पुन्हा आत येऊ देणारा व्हिसा. तो व्हिसा चालू असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, हे मेक्सिकोचे उपकार. जो वयाने सर्वांत लहान आणि ज्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, त्याला सर्वांत कमी कागद. आणि सासूबाई, ज्यांनी अठ्ठ्याहत्तर वर्षांत कुणाची सुईसुद्धा उचललेली नाही, त्यांना सर्वांत जास्त.

बरे, जी बोट आमचे कागद तपासणार, तिचे स्वतःचे कागद पाहावेत तर मायामीहून सुटणाऱ्या पुष्कळशा बोटींच्या मागच्या बाजूस 'नासाऊ' नाहीतर 'पनामा' असे भलत्याच गावाचे नाव रंगवलेले असते. कर, पगार, नियम यांचा हिशेब करून जिथे सोयीचे पडते तिथे बोटीची नोंदणी करतात. बोटीला आपला जन्मगाव निवडता येतो. माणसाला येत नाही.

जन्मगावाचे जाऊ द्या, आपल्याकडे जन्मतारखेचीच पंचाईत. वर जी १ जून ही तारीख आली, ती वाचून कित्येक वाचकांना आपला वाढदिवस आठवला असेल. महाराष्ट्रातल्या एका पिढीचा फार मोठा भाग १ जूनला जन्मलेला आहे. वैद्यकशास्त्राकडे याचे उत्तर नाही, शिक्षणखात्याकडे आहे. शाळा जूनमध्ये सुरू होई. बाप मुलाला हाताला धरून आणी. मास्तर विचारीत, "जन्म कधीचा?" बाप सांगे, "पाऊस लई झाला त्या साली." मास्तर मुलाकडे एकदा बघत, वर्ष ठरवीत आणि १ जून टाकीत. सासूबाईंचा जन्म, त्यांच्या आईच्या म्हणण्याप्रमाणे, नागपंचमीच्या आदल्या दिवशी झाला. पासपोर्टात १ जून आहे. नागपंचमी कुठे, १ जून कुठे! पण सासूबाई खोटे बोलल्या नाहीत. मास्तरही खोटे बोलले नाहीत, त्यांना एक मूल शाळेत घ्यायचे होते. तरीही कागद खोटा आहे, आणि जगातल्या सगळ्या खिडक्या त्या कागदावरच विश्वास ठेवणार आहेत. आता १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना पासपोर्टासाठी जन्माचा दाखलाच लागतो, त्यामुळे हे १ जूनचे पीक पुढे यायचे नाही. चांगलेच झाले. फक्त ज्यांच्या दयेवर एक पिढी शिकली, ते मास्तर तेवढे इतिहासजमा झाले.

नावाचेही तेच. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नाव लिहून मुलीचे पहिले नावच बदलायची आपल्यात चाल होती. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक बाई, रेशनकार्डावर दुसरी आणि पासबुकावर तिसरी. तिन्ही बाया एकाच नऊवारीत माझ्यासमोर उभ्या राहतात, आणि मी त्यांना सांगतो की, तुम्ही तिघी एकच आहात असे प्रतिज्ञापत्र आणा.

तर सभेकडे वळू. मेहुण्याने हिशेब मांडला. "भावोजी, तुम्ही बँकेतले, तुम्हीच सांगा. पासपोर्टाचं पुस्तक एकशे तीस डॉलरला. कार्ड तीस डॉलरला. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला दोन्हीकडे वर पस्तीस आहेतच. बोटीला कार्ड चालतं. किंबहुना सर्टिफिकेटवरच भागतं, पण ते मूळ सर्टिफिकेट समुद्रात न्यायला नको, म्हणून कार्ड घेतो. पोराला जन्मदाखला आहेच, तिथे शून्य डॉलर. मग शंभर डॉलर जास्त का घालायचे?"

हिशेब बिनचूक होता. सरकारी संकेतस्थळावर तसेच छापलेले होते. खर्च कमी, काम तेच, यालाच आम्हा वाणिज्य शाखेची माणसे कार्यक्षमता म्हणतो.

सासूबाई इतका वेळ पडद्याकडे पाठ करून पावटे सोलत होत्या. त्यांनी विचारले, "आणि बोट सुटली तर?"

सासूबाईंचे माहेर वेंगुर्ल्याचे. त्यांच्या लहानपणी मुंबईची बोट बंदरापासून लांब नांगर टाकून उभी राहायची आणि माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या सगळे पडावातून तिच्यापर्यंत न्यायचे. बोटीचा भोंगा झाला की झाला. दर खेपेला किनाऱ्यावर कुणीतरी हात हलवत राहायचाच, आणि तो निरोप द्यायला आलेला नसायचा. बोट ही चीज सुटण्यासाठीच असते, हे ज्ञान त्यांना पुस्तकातून मिळालेले नाही.

मेहुणा म्हणाला, "आई, तशी बोट सुटत नाही हल्ली." पण बोलता बोलताच त्याने शोधायला सुरुवात केली, आणि हळूहळू त्याचा चेहरा उतरला. बोट थांबत नाही. कोझुमेलच्या बाजारात टोप्या बघत राहिलात आणि वेळ टळली, किंवा पाय मोडला आणि दवाखान्यात राहावे लागले, तर घरी परतायचे विमानाने. आणि परदेशातून विमानाने यायला ते कार्ड चालत नाही. जन्मदाखला चालत नाही. नागरिकत्वाचे प्रमाणपत्र चालत नाही. तिथे पासपोर्टाचे पुस्तकच लागते. नसेल तर परक्या मुलखात आपली वकिलात गाठायची, फोटो काढायचे, अर्ज भरायचा आणि तातडीचा पासपोर्ट मिळेपर्यंत बसून राहायचे. म्हणून खुद्द अमेरिकेचे सरकारही सांगते की, बाबांनो, लागत नसले तरी पुस्तक जवळ असू द्या.

म्हणजे तीस डॉलरचा कागद सगळे सुरळीत झाले तर पुरतो, आणि एकशे तीसचा बिघडले तर. मधले शंभर डॉलर हे बोटीत बसण्याचे नाहीतच, ते बोट सुटण्याचे आहेत.

आता यात नीतीचा प्रश्न कुठे आला? तो असा. मेहुणा म्हणाला असता की, "माझी जोखीम, मी घेतो," तर वाद संपला असता का? मला वाटते, नसता. कारण पाय त्याचा मोडला असता तरी बोटीतून बायको उतरली असती. सासूबाई उतरल्या असत्या. त्या उतरल्या की सौ. उतरली असती, आणि सौ. उतरल्यावर मी वर राहून आइस्क्रीम खात बसलो असतो असे कुणाला वाटत असेल, तर त्याचे लग्न झालेले नाही. पोराचे तर विचारूच नका. म्हणजे वाचलेले शंभर डॉलर एकट्याचे आणि जोखीम सहा जणांची. बँकेत आम्ही याला चक्क जामीनदाराला न विचारता घेतलेले कर्ज म्हणू.

इथे माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झाले. आपण समजतो, कागद 'मी कोण' हे सांगण्यासाठी असतो. मी कोण हे मला ठाऊक असतेच, माझ्या घरच्यांनाही ठाऊक असते, जरा जास्तच. कागद लागतो तो मी बोलू शकत नसेन, किंवा जिथे मला कुणी ओळखत नाही तिथे अडकलो असेन तेव्हा. आणि तेव्हा धावाधाव करणारा मी नसतो, माझ्याबरोबरचा माणूस असतो. कागद माझ्या नावाचा असला तरी उपयोग त्याचा.

हे मी दर आठवड्याला खिडकीतून पाहतो. खाते उघडताना वारसदाराचा रकाना येतो, म्हणजे नॉमिनीचा. पुष्कळ लोक तो कोरा सोडतात. "बघू पुढं," म्हणतात. स्वतःच्या मरणाचा फॉर्म भरणे अशुभ वाटते. १ नोव्हेंबर २०२५ पासून तर एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात. तरी एकाचे नाव लिहायला हात अडखळतो. मग एके दिवशी तिघी बाया एकाच लुगड्यात माझ्यासमोर येतात, हातात नवऱ्याचे पासबुक आणि मृत्यूचा दाखला. पैसे आहेत, ती आहे, ती त्याची बायको आहे हे साऱ्या गल्लीला माहीत आहे, मलाही माहीत आहे. पण त्याने अर्धी ओळ लिहिलेली नाही. त्या अर्ध्या ओळीसाठी तिला कोर्टाची पायरी चढावी लागते. नवरा वाईट नसतो. त्याने फक्त बोट सुटणार नाही असे धरलेले असते.

याच दिवसांत मी माझा पासपोर्ट, कधी नव्हे तो, वाचून पाहिला. पासपोर्ट कुणी वाचत नाही, सगळे फोटो बघून खिन्न होतात. त्याच्या आतच भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने जगातल्या यच्चयावत संबंधितांना विनंती केलेली आहे, की हा कागद बाळगणाऱ्याला मोकळेपणी जाऊ द्यावे, अडथळा करू नये आणि गरज पडल्यास हरप्रकारे साहाय्य व संरक्षण द्यावे. मी ते सासूबाईंना वाचून दाखवले. त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे चिठ्ठीच की ही."

अगदी बरोबर. ही चिठ्ठीच आहे. पूर्वी गावाहून मुंबईला येणाऱ्या मुलाच्या खिशात कुणा ओळखीच्याच्या नावे चिठ्ठी असे: 'मुलगा चांगला आहे, अडल्यास मदत करावी.' जन्मदाखला एवढेच सांगतो की, अमुक इसम अमुक दिवशी जन्मला; जन्मला तर जन्मला, आम्ही काय करू, असे कुणीही म्हणू शकतो. पासपोर्ट सांगतो की, हा आमचा आहे, याला सांभाळा. पहिली माहिती आहे, दुसरी शिफारस आहे. आणि शिफारस करणाऱ्याचा हक्क त्यावर राहतोच. पासपोर्ट कायदा, १९६७, कलम सतरा असे सांगते की, पासपोर्ट हा सदैव केंद्र सरकारच्या मालकीचा असतो. आपण फक्त सांभाळायचा. फी आपली, फोटो आपला, मालकी त्यांची. जावयाच्या नावे घेतलेल्या स्कूटरसारखेच हे.

इथपर्यंत सारे बोललो ते नावेच्या बाजूचे. पण मी बी.कॉम. आहे; जमेची बाजू लिहिल्याशिवाय मला झोप येणार नाही. कागद बाळगणाऱ्याचे कर्तव्य सांगितले. मागणाऱ्याचे काय?

१९१४ साली 'कोमागाता मारू' नावाची जपानी बोट हाँगकाँगहून निघून २३ मे रोजी कॅनडातल्या व्हँकूव्हरला पोचली. तिच्यावर ३७६ हिंदी लोक होते, बहुतेक शीख. सगळे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन, आणि कॅनडाही त्याच साम्राज्यातला. पण कॅनडाचा नियम असा होता की, येणाऱ्याने मायदेशातून थेट, कुठे न थांबता, एकाच प्रवासात आले पाहिजे. हिंदुस्थानातून कॅनडाला तशी थेट बोटच नव्हती! शिवाय खिशात दोनशे डॉलर हवेत. दोन महिने ती बोट बंदरात उभी राहिली. अवघ्या चोवीस जणांना उतरू दिले आणि २३ जुलैला बाकीच्यांसह तिला परत हाकलले. कलकत्त्याजवळ बजबज इथे ती परतली तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात वीसेक माणसे मेली. कॅनडाच्या पंतप्रधानांनी तिथल्या संसदेत याबद्दल माफी मागितली ती १८ मे २०१६ रोजी. एकशे दोन वर्षांनी.

त्या ३७६ जणांना कुणी 'तुम्ही कोण' असे विचारत नव्हते. ते कोण आहेत हे चांगले ठाऊक होते, म्हणूनच तो कागद मागितला. जो कागद असूच शकत नाही नेमका तोच मागायचा, म्हणजे दार आपण बंद केले असे म्हणावे लागत नाही. नियमाने केले असे म्हणता येते. खिडकीच्या आत बसणाऱ्या प्रत्येकाने ही बोट लक्षात ठेवावी. कागद मागण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा: याने तो आणला, तर मी खरेच दार उघडणार आहे का? उघडणार नसेन, तर मी कागद मागत नाही, वेळ काढतो आहे.

उलट उदाहरणही आहे, आणि तेही सरकारी खिडक्यांच्याच जगातले. फ्रिट्योफ नान्सेन हा नॉर्वेचा माणूस. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात हिंडून आलेला, म्हणजे जिथे पांढरी अस्वलेसुद्धा पासपोर्ट मागत नाहीत. पहिल्या महायुद्धानंतर आणि रशियातल्या क्रांतीनंतर लाखो माणसे अशी उरली, की ज्यांना कुठलाच देश आपले म्हणेना. राष्ट्रसंघाने निर्वासितांचे काम नान्सेनकडे दिले होते. तो म्हणाला, यांच्याजवळ कागद नाही ना? मग कागद तयार करू. १९२२ मध्ये 'नान्सेन पासपोर्ट' निघाला. ज्याचे कुठलेच सरकार नाही, त्याच्यासाठीचा. बघता बघता अनेक देशांनी तो मान्य केला. त्याच वर्षी नान्सेनला शांततेचे नोबेल मिळाले. कागदाने माणूस अडवता येतो, तसा सोडवताही येतो. कागद तोच असतो, खिडकीतला माणूस निराळा असतो.

माझी खिडकी काही एवढी ऐतिहासिक नाही. पण दर नोव्हेंबरात तिच्यासमोर पेन्शनर मंडळींची रांग लागते. आपण हयात आहोत असा दाखला द्यायला ती येतात. ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासून मुभा आहे. एक जख्ख म्हातारे गृहस्थ जिने चढून येतात, धापा टाकतात आणि मी त्यांना विचारतो, "हयातीचा पुरावा?" ते म्हणतात, "अहो, हा काय उभा आहे!" तत्त्वज्ञान म्हणून हे उत्तर 'सोऽहम्'च्या वरताण आहे. अंगठ्याचे यंत्र ते मानत नाही. आयुष्यभर काम करून त्यांच्या बोटांच्या रेषा पुसल्या गेलेल्या असतात; ज्या कष्टांचे पेन्शन, त्याच कष्टांनी पुरावा झिजवलेला. २०२१ पासून चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते. तेव्हा मी त्यांना आधी खुर्ची देतो, मग पाणी, मग यंत्राला त्यांचा चेहरा दाखवतो. दाखला मी सोडत नाही, सोडता येत नाही. कारण उद्या त्यांच्या मागे कुणी भलताच त्यांच्या नावाने पैसे उचलू लागला, तर ते सांगायला यायचे नाहीत. पण दाखल्याच्या आधी खुर्ची द्यायला कुठल्याही नियमाची आडकाठी नाही. ती मी पूर्ण परिपत्रक वाचून खात्री करून घेतली आहे.

तर ताळेबंद असा. जो प्रवासाला निघतो त्याने लागतो त्याहून एक कागद जास्त घ्यावा, स्वतःसाठी नव्हे, बरोबरच्यांसाठी. आणि जो खिडकीत बसतो त्याने लागतो त्याहून एकही कागद जास्त मागू नये. जगात बरोबर उलटे चालते. प्रवासी एक कागद घरी विसरतो, खिडकीतला एक कागद जास्त मागतो. दोन्ही बाजूंना फरक पडतो फक्त दोन कागदांचा, आणि रांग कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत जाते.

मेहुण्याने एकशे तीस डॉलर भरले, पोराचेही पुस्तक मागवले. "आईसाठी," असे तो म्हणाला. आईने मात्र तेवढ्यावर सोडले नाही. आमच्या पासपोर्टांच्या आणि व्हिसांच्या प्रती काढायला लावल्या आणि मी माझी प्रत माझ्या खिशात ठेवू लागलो तेव्हा ती काढून घेतली.

"जावईबापू, तुमचा कागद तुमच्याजवळ असून काय उपयोग? तुम्ही हरवलात की तोही हरवला."

त्यांनी सौ.ची प्रत माझ्याकडे दिली, स्वतःची सौ.कडे, आणि माझी स्वतःच्या कापडी पिशवीत, जपमाळेशेजारी ठेवली. तेव्हा माझी ओळख सध्या सासूबाईंच्या पिशवीत आहे. सौ.चे म्हणणे, लग्न झाल्यापासून ती तिथेच होती, झेरॉक्स तेवढी आत्ता काढली.